नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

पेनड्राइव्ह उघडल्यावर फोल्डरच्या चित्राला खालच्या डाव्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण दिसला, तर हात माउसवरून उचलायचा. ते फोल्डर नसतं, शॉर्टकट असतो, आणि आपण काढलेला नसेल तर तो कोणी काढला हा प्रश्न उरतो.

अमळनेरला माझ्या मामाचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, डीटीपी, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, सगळं एकाच गाळ्यात. तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं, पत्रिकांची झुंबड. एक मुलगा पत्रिकेची फाइल पेनड्राइव्हमध्ये घेऊन प्रेसला गेला आणि दुसऱ्या दिवशी तो बाण दाखवायला परत आला. दुकानात चारचौघं बसलेले असताना त्याने मोठ्याने सांगितलं. मामाचा फोन आला तेव्हा आवाजात काळजीपेक्षा अपमान जास्त होता. "पोऱ्या म्हने, तुमना दुकानमाईन व्हायरस उना. इतला वरीस व्हयनात दुकानले, कोनी आसं बोलना नही."

मी धुळ्याला एमएस-सीआयटीचे वर्ग घेतो, त्यामुळे नात्यातले सगळे बिघडलेले कॉम्प्युटर आपोआप माझे. फोनवरच सांगितलं, "मामा, आधी नेटची वायर काढा. कोणाचाही पेनड्राइव्ह लावू नका." मामा म्हणाला, "रब्बीना पीक विमाना फॉर्म चालू शेत, वायर कशी काढू?" हे उत्तर प्रत्येक दुकानदार देतो, आणि त्यात खोटं काही नसतं. शेवटची तारीख जवळ असली की समोरच्या रांगेला व्हायरसशी काही देणंघेणं नसतं. पण तेवढा वेळ फॉर्म शेजारच्या दुकानातून भरून घेऊ असं ठरलं आणि मी रविवारी सकाळची एसटी पकडली.

आधी तो पेनड्राइव्ह. एका फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं. टार्गेटच्या चौकटीत साधा पत्ता असायला हवा होता. तिथे एक लांबलचक ओळ होती: सुरुवातीला सीएमडी, मग स्टार्ट, मग डब्ल्यूस्क्रिप्ट, मग वाटेल ती अक्षरं जोडून केलेलं नाव असलेली व्हीबीएस फाइल (म्हणजे स्क्रिप्ट, कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी), आणि शेवटी एक्सप्लोरर आणि खऱ्या फोल्डरचं नाव. करामत त्या शेवटच्या दोन शब्दांत आहे. डबल क्लिक केलं की आधी स्क्रिप्ट चालते, आणि लगेच खरं फोल्डरही उघडतं. माणसाला पाहिजे ते दिसलं, मग तो कशाला शंका घेईल? खरी फोल्डरं तिथेच होती, फक्त त्यांना हिडन आणि सिस्टिम असे दोन शिक्के मारले होते, म्हणून ती नजरेआड गेली होती.

पूर्वी एवढीही मेहनत लागत नव्हती. पेनड्राइव्ह लावला की त्यातली ऑटोरन डॉट आयएनएफ नावाची फाइल विंडोज स्वतःच वाचायचं आणि त्यात सांगितलेला प्रोग्रॅम सुरू व्हायचा. २००८ साली कॉन्फिकर नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस, जगभर पसरला, त्याला ही वाटही सापडली होती. पुढे विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हसाठी हे बंद केलं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या एक्सपी आणि व्हिस्टालाही तसाच अपडेट दिला. यंत्र आपोआप फसेना, तेव्हा व्हायरसवाल्यांनी माणसाचं बोट वापरायला सुरुवात केली. शॉर्टकटची युक्ती ती हीच.

मामाच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडला तर डब्ल्यूस्क्रिप्ट आरामात चालू होतं. ते विंडोजचंच आहे, स्क्रिप्ट चालवण्यासाठी असतं, स्वतः निरपराध. पण झेरॉक्सच्या दुकानात ते दिवसभर चालू राहण्याचं काही कारण नाही. त्याच्यामागे बसलेली स्क्रिप्ट दर थोड्या वेळाने बघत होती की नवा पेनड्राइव्ह लागला का. लागला की शॉर्टकट तयार. म्हणजे त्या मुलाची तक्रार शंभर टक्के खरी होती. मामाला हे सांगितल्यावर तो थोडा वेळ टोनर हलवत बसला.

पण पेनड्राइव्हचं प्रकरण यातलं सगळ्यात सोपं होतं. क्रोम उघडलं की गूगलऐवजी भिंगाचं चित्र असलेलं कुठलंतरी भलतंच सर्चचं पान यायचं. शोधलं की पत्ता दोन-तीन ठिकाणी उड्या मारून मगच निकाल, आणि वरचे सगळे जाहिरातींचे. उजव्या कोपऱ्यात सारख्या लाल पट्ट्या उगवत होत्या: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, लगेच क्लिक करा. मामाची समजूत अशी की हे अँटिव्हायरस बोलतंय. उलट त्याला बरं वाटत होतं, की चला, कोणीतरी राखण करतंय.

त्या पट्ट्या म्हणजे व्हायरससुद्धा नव्हेत. एखाद्या साइटवर "तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा" असं येतं. दाबलं की त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळते, आणि मग ती साइट बंद असली तरी विंडोजच्या कोपऱ्यात तिची दुकानदारी सुरू. अँटिव्हायरसने कितीही स्कॅन करा, त्याला काही सापडत नाही, कारण फाइल अशी काही नाहीच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, आणि तिथल्या यादीत ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढून टाकायची. मामाच्या यादीत क्रिकेटचा स्कोअर, फुकट सिनेमे, नोकरीच्या जाहिराती, आणि काही नावं तर वाचतासुद्धा येईनात. पुढे कोणी विचारूच नये अशी सोयही तिथेच आहे, ती चालू केली. एवढ्याने निम्मा गोंगाट बंद झाला.

मागे एकदा तर अख्खा स्क्रीन निळा होऊन भोंगा वाजायला लागला होता आणि मधोमध मोठ्या अक्षरांत फोन नंबर. मामाने लावला. पलीकडचा हिंदीत बोलत होता, कंपनीच्या दिल्ली ऑफिसातून बोलतोय म्हणाला, आणि स्क्रीन शेअर करायचं ॲप टाका म्हणून मागे लागला. मामी हिशोबाची वही घेऊन शेजारीच बसलेली. तिने फोन हातातून घेतला आणि ठेवून दिला. "आपला कॉम्प्युटर बिघडना, हाई तेले दिल्लीमा कसं समजनं?" मी वर्गात अर्धा तास बोलून जे पोरांच्या गळी उतरवतो, ते तिने एका वाक्यात संपवलं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधी नसतो. आणि असा भोंगा बंद करायला टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला तरी पुरतं. कोणाचे पैसे गेलेच असतील तर १९३० या नंबरवर लगेच कळवायचं. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आता आत शिरलं कसं, हे शोधायचं होतं. कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्रॅम्स अँड फीचर्स उघडून यादी "इन्स्टॉल्ड ऑन" या रकान्यावर क्लिक करून तारखेप्रमाणे लावली. हे मी नेहमी सगळ्यांत आधी करतो, कारण फुकटचे पाहुणे एकटे येत नाहीत. झालंच तसं. एकाच तारखेला फोटो लहान करायचं सॉफ्टवेअर, पीडीएफ जोडायचं दुसरं, ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारं तिसरं, कॉम्प्युटरचा वेग वाढवतो म्हणणारं चौथं, क्रोमसारखाच दिसणारा पण क्रोम नसलेला एक ब्राउझर, आणि हवामान सांगणारी एक पट्टी. यातलं मागवलेलं फक्त पहिलं.

दुकानात कामाला असलेल्या पोराला ती तारीख बरोबर आठवली. बँक भरतीचे फॉर्म जोरात होते. त्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. मोबाइलवर काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा. बाहेर पोरं रांगेत, सर्व्हर संध्याकाळी बसतो हे सगळ्यांना पाठ. त्याने गूगलवर फोटो रिसाइज असं शोधलं आणि सगळ्यात वरचं उघडलं. सगळ्यात वरचं म्हणजे जाहिरात. त्या पानावर हिरवी डाउनलोडची बटणं तीन, त्यातलं खरं कुठलं हे बनवणाऱ्यालाच माहीत. मग इन्स्टॉलर, आणि मग आपलं राष्ट्रीय कर्तव्य: नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, फिनिश.

त्या नेक्स्टच्या पानांवर काय असतं ते बहुतेकांनी कधीच वाचलेलं नसतं. वर ठळक अक्षरांत "रेकमेंडेड" आणि खाली फिकट करड्या अक्षरांत "कस्टम". रेकमेंडेड घेतलं की बरोबरची सगळी मंडळी आत. कस्टम घेतलं की प्रत्येकासमोर आधीच टिक केलेली चौकट दिसते आणि ती काढता येते. काही ठिकाणी तर "डिक्लाइन"चं बटण बंद पडल्यासारखं करडं दाखवतात, दाबलं तर चालतं. हा सगळा धंदा दर इन्स्टॉलमागे मिळणाऱ्या कमिशनवर चालतो. फुकट सॉफ्टवेअर देणाऱ्याला प्रत्येक जादा पाहुण्यामागे पैसे मिळतात. आणि कोर्टकचेरीची वेळ आलीच तर त्यांच्याकडे उत्तर तयार: वापरणाऱ्याने होकार दिला होता. म्हणूनच अँटिव्हायरस कंपन्या अशा मालाला सरळ व्हायरस म्हणत नाहीत, "पोटेन्शियली अनवाँटेड", म्हणजे कदाचित नको असलेलं, असं गुळमुळीत नाव देतात. विंडोज १० मध्ये मे २०२० च्या अपडेटपासून असा माल अडवायचं वेगळं बटण आहे. मामाच्या मशीनवर ते बंद होतं. "मी त फक्त नेक्स्ट दाबं," मामा म्हणाला. त्यावर पोराने हळूच माझ्याकडे पाहिलं, कारण दाबलं त्याने होतं, आणि मामा त्याच्या वाटणीचंही स्वतःवर घेत होता.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, इतकाही आंधळा नाही. शॉर्टकटवाली स्क्रिप्ट तो सहसा लगेच पकडतो. मग इथे गप्प का? विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंग्जमध्ये तळाशी गेलो, तिथे एक्स्क्लूजन्स म्हणजे तपासू नये अशा जागांची यादी असते. यादीत एकच नोंद होती: सी ड्राइव्ह. अख्खा. रखवालदार नोकरीवर होता, पगार घेत होता, फक्त घराकडे बघायचं नाही असा हुकूम होता.

हे कोणी केलं ते ओळखायला फार डोकं लागलं नाही. मशीन जोडून देणाऱ्याने विंडोज आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर दोन्ही क्रॅक टाकून, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडून, दिलं होतं. क्रॅकला डिफेंडर पकडतो, म्हणून क्रॅकसोबतच्या सूचनेत पहिली ओळ असते, अँटिव्हायरस बंद करा. काही क्रॅक ते काम स्वतःच उरकतात आणि सगळा ड्राइव्ह सूट देऊन मोकळे होतात. एकट्या त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईकच विचारतं, विंडोजसकट कितीला पडेल, आणि विंडोजचे वेगळे पैसे सांगितले की पुढच्या दुकानात जातं. खान्देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी अशी मशीनं काढायला गेलं तर पोतं भरेल. अमळनेरमध्ये हे जरा जास्त बोचतं, कारण आज सॉफ्टवेअरसाठी ओळखली जाणारी विप्रो १९४५ साली याच गावात वनस्पती तूप बनवायला उभी राहिली होती.

साफसफाईला लागलो. एका तारखेला आलेली सगळी मंडळी एकेक करून अनइन्स्टॉल केली. त्यातल्या दोघांनी जाताना पुन्हा विचारलं, खरंच जायचं का, आणि बटणं अशी लावलेली की सवयीने डावीकडचं दाबलं तर राहतील. डब्ल्यूस्क्रिप्ट थांबवलं, स्टार्टअपच्या फोल्डरमधली व्हीबीएस फाइल काढली, तात्पुरत्या फाइलींचं टेम्प फोल्डर रिकामं केलं. मशीन पुन्हा सुरू केलं. क्रोम उघडलं, पान पुन्हा तेच. भिंगाचं चित्र.

शेतात हराळी वरून कितीही कापा, जमिनीत एक कांडी राहिली की पावसात पुन्हा गादी तयार. इथे कांडी शोधायची होती. दिसणारा प्रोग्रॅम काढणं हे काम सोपं, त्याला परत कोण आणतं ते शोधणं हेच खरं काम, आणि बहुतेक लोक त्याच्या आधीच थांबतात.

त्यासाठी मी ऑटोरन्स वापरतो. सिसइंटर्नल्सचं छोटं, फुकट साधन, मार्क रुसिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. २००६ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली, त्यामुळे आता ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर मिळतं. ते माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून नेलं होतं, आजारी मशीनवरून डाउनलोड केलं नाही. विंडोज सुरू होताना जे जे आपोआप चालतं त्या सगळ्याची यादी ते एका खिडकीत मांडतं. आधी ऑप्शन्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायच्या, नाहीतर शेकडो ओळींत माणूस बुडतो. उरलेल्यांत गुलाबी रंगाच्या ओळी म्हणजे ज्यांना बनवणाऱ्याची धड सही नाही, आणि पिवळ्या म्हणजे फाइल गेली, नोंद उरली. गुलाबी दिसलं की लगेच डिलीट मारायचं नाही. मामाच्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हरही गुलाबीच होता. शंका असेल तिथे आधी फक्त टिक काढायची, मशीन पुन्हा सुरू करून बघायचं, आणि फाइल व्हायरसटोटलवर तपासायची. तिथे एकाच फाइलवर अनेक कंपन्यांची इंजिनं आपापलं मत देतात, आणि ऑटोरन्समधूनच ती विचारणा करता येते.

कांडी शेड्यूल्ड टास्क्सच्या टॅबमध्ये सापडली. नाव अगदी साळसूद, कुठल्याशा अपडेटचं असावं तसं. आत बघितलं तर दर तासाला पॉवरशेल (विंडोजचंच हुकूम चालवायचं साधन) उघडायचं, खिडकी लपवून, आणि युझरच्या ॲपडेटा फोल्डरमधली एक स्क्रिप्ट चालवायची. आपण काढलेलं सगळं ती नेटवरून पुन्हा आणत होती. ती नोंद काढली, फाइल काढली. शेजारी तिची जुळी बहीण होती, वेगळ्या नावाने. एक गेली तर दुसरी आहेच, अशी सोय.

ते भिंगाचं पान आणणारं क्रोमचं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, तरीही हलेना. रिमूव्हचं बटणच नव्हतं, आणि मेनूच्या तळाला लिहिलेलं, "मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन". मामा म्हणाला, कुठली ऑर्गनायझेशन? मोठ्या कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांच्या क्रोमवर नियम लादता यावेत म्हणून ही सोय आहे. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, पॉलिसीज या भागात नोंद केली की क्रोम समजतं, साहेबांचा हुकूम आहे, आणि एक्स्टेंशन सक्तीने बसवतं. क्रोमच्या पॉलिसी पानावर ती सक्तीची यादी दिसते. रजिस्ट्रीत जाऊन आधी त्या भागाची प्रत काढून ठेवली, मग नोंद काढली, तेव्हा बटण उगवलं. लगेच सिंक थांबवलं, कारण गूगल खात्यात एक्स्टेंशनची आठवण राहिली तर ते दुसऱ्या मशीनवरही उतरतं. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटमध्येही टार्गेटच्या शेवटी त्याच सर्चचा पत्ता चिकटवलेला होता. तो खोडला. होस्ट्स फाइलमध्ये काही अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर वळवलेल्या, त्या उघडूच नयेत म्हणून. त्या ओळीही गेल्या.

मग डिफेंडरची सी ड्राइव्हची सूट काढली, व्हायरस ओळखायच्या व्याख्या अपडेट केल्या आणि ऑफलाइन स्कॅन लावला. यात मशीन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे आत दडलेल्याला लपायला जागा उरत नाही. पाव तास लागतो. त्यावर ॲडक्लीनर या जाहिरातींचा कचरा काढणाऱ्या साधनाची एक फेरी. दोघांनाही बरंच काही सापडलं, आणि दुसऱ्या फेरीत काही नाही. मामाने पत्रिकेची फाइल उघडली, मशीन पळायला लागलं होतं. मामीने चहा आणला. कोणीही म्हणेल, काम झालं.

मला ते पटेना. डिफेंडरच्या निकालात एक नाव असं होतं जे पासवर्ड चोरणाऱ्या जातीचं होतं. ही जात जाहिराती दाखवत नाही, आवाज करत नाही. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड आणि लॉगिन चालू असल्याच्या कुकीज उचलते आणि पाठवून देते. कुकी गेली की पासवर्डची आणि ओटीपीचीही गरज उरत नाही, चोर सरळ आपल्या जागी बसतो. मामाच्या क्रोममध्ये बँक, जीमेल, सेवा केंद्राचं पोर्टल, सगळं सेव्ह केलेलं. आणि डाउनलोड्समध्ये गावाची आधार कार्डं, पासबुकं, सातबारे पडलेले. इतके महिने सी ड्राइव्हवर पहारा नव्हता, तेव्हा काय आलं आणि काय गेलं हे कोणतंही स्कॅन सांगू शकत नाही. अशा मशीनवर माझं मत एकच, फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने. फक्त जाहिरातींचं प्रकरण असतं तर मी चहा घेऊन धुळ्याची गाडी पकडली असती.

"बठ्ठं उडाई देशी का?" मामाने विचारलं. बठ्ठं, म्हणजे सगळं, नाही. आधी मामीच्या मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलले, आणि प्रत्येक खात्यात सगळीकडून लॉगआउट केलं. नुसता पासवर्ड बदलून चोरलेली कुकी मरेलच असं नाही. बँकेत फोन करून मागचे व्यवहार तपासले, तिथे सुदैवाने सगळं जागेवर होतं. मग पत्रिकांच्या सीडीआर (कोरलड्रॉच्या) फाइल, फोटो आणि पीडीएफ बाहेरच्या डिस्कवर घेतले. इन्स्टॉलर, झिप, ईएक्सई यातलं काहीही घेतलं नाही, कितीही ओळखीचं असलं तरी. लोकांची आधार कार्डं सरळ पुसली, ती ठेवायचं कारणच नव्हतं.

डीटीपीवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती कुठल्याही मार्गदर्शनात नसते: फॉन्ट. जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये नसतात. ज्या फॉन्टमध्ये केल्या तो फॉन्ट मशीनवर नसेल तर "चि. सौ. कां." च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविराम नाचतात. फॉरमॅटनंतर रडणारे दुकानदार मी पाहिलेत, फाइल असते पण वाचता येत नाही. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले मराठी फॉन्ट वेगळे काढून, स्कॅन करून ठेवले.

मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने माझ्या लॅपटॉपवर विंडोज बसवायचा ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून आणला होता. मशीन दहाव्या पिढीच्या आय-थ्रीचं, त्यामुळे विंडोज ११ बसलं. लायसन्सचे पैसे भरताना मामाने एक दीर्घ उसासा टाकला, तो मी ऐकला नाही. डिझाइनचं सॉफ्टवेअर सध्या महिन्याच्या वर्गणीवर घेतलंय, लग्नसराई संपली की बंद करता येतं.

दुकानात मागे धूळ खात एक जुनं मशीन होतं. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ अधिकृतपणे घेत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. भंगारात जाणार होतं ते. त्यावर विंडोजऐवजी चालणारं फुकट लिनक्स मिंट टाकलं आणि काउंटरवर मांडलं. आता गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह फक्त त्यातच लागतो. व्हीबीएस आणि विंडोजचे शॉर्टकट तिथे नुसत्या मुक्या फाइली असतात, आणि लपवलेली फोल्डरंही उघड दिसतात. पाहिजे ती पीडीएफ काढून घ्यायची, प्रिंट तिथूनच मारायची.

त्या तक्रारवाल्या मुलाचा पेनड्राइव्ह मात्र नव्या विंडोजवर, सगळ्यांसमोर, दुरुस्त केला. मामाचा आग्रहच तसा होता. कमांड प्रॉम्प्ट उघडायचं, पेनड्राइव्हचं अक्षर टाकून त्यात जायचं, आणि हिडन-सिस्टिमचे ते शिक्के उतरवायला ॲट्रिब, मग वजा एच, वजा आर, वजा एस, मग स्टार डॉट स्टार, आणि शेवटी स्लॅश एस, स्लॅश डी. खरी फोल्डरं एकेक करून वर आली. शॉर्टकट आणि व्हीबीएस पुसले. हे काम आधी साफ झालेल्या मशीनवरच करायचं असतं. आजारी मशीनवर केलं तर आपण पुसतो तोवर ती स्क्रिप्ट नवे शॉर्टकट काढून ठेवते. मुलगा म्हणाला, "मामा, एवढंच होतं?" मामाने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

नव्याने बसवलेल्या विंडोजवर रोजच्या कामाचं खातं साधं ठेवलंय, ॲडमिनचं नाही. काहीही इन्स्टॉल करायला गेलं की विंडोज ॲडमिनचा पासवर्ड मागतं. तो पासवर्ड मामाला माहीत नाही, पोराला माहीत नाही, मामीकडे आहे. परवाच पोराला पुन्हा भरतीचा फॉर्म आला, फोटो ५० केबीच्या आत पाहिजे. तो पासवर्ड मागायला गेला. मामीने हिशोबाच्या वहीतून मान न काढता विचारलं, "कसाले पाहिजे?" त्याने सांगितलं, फोटो लहान करायचं सॉफ्टवेअर. मामीने मला फोन लावला. मी सांगितलं, विंडोजमध्ये पेंट आहेच, त्यात रिसाइजमध्ये पिक्सेल निवडून २०० बाय २३० करा, जेपेग म्हणून सेव्ह करा. फोटो २० केबीच्या खाली गेला, कमी पडला म्हणून थोडे पिक्सेल वाढवून पुन्हा केला, आणि मग फॉर्मने घेतला.